परत आलेली पेटी



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर ‘लहान धंदे आणि परदेशची पेठ’ असा छापला आहे. विषय अर्थशास्त्राचा आणि वेळ वैशाखातल्या संध्याकाळची; श्रोत्यांच्या सहनशक्तीची परीक्षा पाहण्यास एवढे दोन योग पुरेसे आहेत. म्हणून आरंभीच एक आश्वासन देतो. मी आकड्यांची कोष्टके वाचून दाखविणार नाही, आणि ‘जागतिकीकरण’ हा शब्द होता होईल तो टाळणार आहे. त्या शब्दाच्या बाजूने आणि विरुद्ध आपण गेली तीस-पस्तीस वर्षे इतके ऐकले आहे की, तो कानावर पडताच मन आपोआप दुसरीकडे जाऊ लागते. मला बोलावयाचे आहे ते एका साध्या प्रश्नाविषयी. लहान माणसाने माल तयार केला, पेटीत भरला, बोटीवर चढविला, आणि तिकडच्या व्यापाऱ्याने ‘पसंत नाही’ म्हणून तो नाकारला, तर ते नुकसान कोणी सोसावयाचे?

मोठ्या कारखानदाराला हा प्रश्न पडत नाही असे नव्हे. परंतु त्याच्या दहा पेट्यांतली एक परत आली, तर उरलेल्या नऊ तिचा भार उचलतात. लहान माणसाची पेटीच मुळी एक असते. तीत त्याचे वर्षाचे श्रम, बायकोच्या अंगावरचे सोने आणि सोसायटीचे कर्ज अशी तिन्ही भरलेली असतात. लहान उद्योजक परदेशात टिकत नाही याची कारणे सांगताना आपण कसब कमी, यंत्रे जुनी, इंग्रजी कच्चे, असे काहीबाही सांगतो. माझ्या मते ही कारणे दुय्यम आहेत. कसबात आपला माणूस सहसा हरत नाही, किमतीतही हरत नाही. परत आलेली पेटी एकट्याने उचलण्याची पाळी येते, तेथे तो हरतो. जेथे ती पेटी उचलावयास चार माणसे जमली, तेथे तो तगला. या दृष्टीने आपण दोन-तीन ठिकाणे पाहू.

त्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी. १९९१ सालच्या उन्हाळ्यात देशाच्या तिजोरीत जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन शिल्लक होते. अडचणीतल्या गृहस्थाने घरातले दागिने सावकाराकडे न्यावेत, त्याप्रमाणे जुलै महिन्यात रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने परदेशी तारण ठेवावे लागले. त्याच महिन्याच्या पहिल्या तीन दिवसांत दोन हप्त्यांनी रुपयाची किंमत सुमारे १८ टक्क्यांनी उतरविण्यात आली. आणि २४ जुलै रोजी डॉ. मनमोहन सिंग यांनी आपले पहिले अंदाजपत्रक मांडले. त्याच दिवशी नवे औद्योगिक धोरणही जाहीर झाले. तेथून पुढे आयातीवरची बंधने एकामागून एक सैल होत गेली.

लहान उद्योगांना त्याआधी एक छत्री होती. १९६७ साली ४७ वस्तू फक्त लहान कारखान्यांनीच कराव्यात असे ठरले, आणि पुढे ही यादी वाढत वाढत आठशेंच्या वर गेली. लोणची, खडू, कुलुपे, होजियरी असे काय काय तीत होते. १९९१ नंतर ही यादी हळूहळू उतरत गेली व शेवटच्या २० वस्तू २०१५ साली वगळल्या गेल्या. या छत्रीबद्दल पुष्कळ हळहळ व्यक्त होते. मला तितकी हळहळ वाटत नाही. छत्री खरी होती, पण इतकी ठेंगणी की तिच्याखाली ताठ उभे राहण्याची सोय नव्हती. धंदा वाढला, यंत्रसामग्रीचा खर्च ठरीव मर्यादेपलीकडे गेला, की माणूस ‘लहान’ राहत नसे आणि सवलती जात. म्हणून शहाणी माणसे एका कारखान्याचे तीन कारखाने करीत. एक स्वतःच्या नावे, एक बायकोच्या, एक मेहुण्याच्या. परदेशच्या मोठ्या मागणीला तोंड द्यावयाचे तर ही विद्या फारशी उपयोगाची नव्हती.

आता पहिले ठिकाण, आणि तेथे आपण फार वेळ थांबणार नाही. लुधियाना हे लोकरी कपड्यांचे शहर. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यामध्ये १९५३ साली व्यापार करार झाला आणि पुढे दोन्ही देशांतली देवघेव रुपयांत होऊ लागली. या रुपयाच्या व्यापारावर लुधियानाचे स्वेटर, शाली, कार्डिगन वर्षानुवर्षे रशियात जात राहिले. गिऱ्हाईक एकच, तेही सरकारी. मागणी मोठी, फॅशन बदलण्याची घाई नाही, पैसे बुडण्याची भीती नाही. सासरी जावई जसा निर्धास्त बसतो तसा हा व्यापार होता. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघच विसर्जित झाला. पुढे रशियन दुकानदार हाती नगद डॉलर घेऊन जगातल्या कोणत्याही देशाचा माल घेऊ लागला आणि लुधियानाच्या शेकडो लहान कारखान्यांची मागणी पाहता पाहता आटली. माल तोच, कारागीर तेच. मधली सरकारी यंत्रणा गेली, आणि तिच्या जागी बसावयास या माणसांपाशी स्वतःचे असे काहीच नव्हते. व्यवस्था बदलते तेव्हा नेमके हेच घडते: वर्षानुवर्षे दुसऱ्याने उचललेला भार एके दिवशी खाली ठेवला जातो, आणि तो इतका जड होता हे त्या दिवशीच कळते.

तमिळनाडूतले तिरुपूर मात्र सावकाश पाहण्यासारखे आहे. आपणांपैकी ज्यांनी रस्त्यावर ‘एक्सपोर्ट सरप्लस’ म्हणून मांडलेला, लेबल अर्धवट कापलेला टी-शर्ट घासाघीस करून घेतला असेल, त्यांचा तिरुपूरशी संबंध आलेला असण्याचा बराच संभव आहे. कोइम्बतूरजवळचे, नोय्यल नदीकाठचे हे गाव. आधी तेथे गंजीफ्रॉक विणले जात, आणि ते देशातल्या देशात विकले जात. परदेशचा पहिला व्यापारी तेथे १९७८ साली इटलीहून आला असे सांगतात. तोही मुंबईच्या दलालांमार्फत, पांढऱ्या टी-शर्टांच्या शोधात. त्यानंतर युरोपातली मोठी दुकाने आली. २००७ च्या सुमारास या एका गावाची निर्यात वर्षाला सुमारे अकरा हजार कोटी रुपयांपर्यंत गेली होती.

हे कोणी केले? आश्चर्य हे की, एखाद्या मोठ्या गिरणीने नाही. तेथे सूत एकाकडे विणले जाते, दुसऱ्याकडे धुऊन ब्लीच होते, तिसऱ्याकडे रंगते, चौथा छपाई करतो, पाचवा बेततो, सहावा शिवतो. बटणे, बाही, गळपट्टी, इस्त्री, पेटी भरणे, प्रत्येकाचा वेगळा धंदा. एक टी-शर्ट डझनभर मालकांच्या हातांतून जातो. यांतले बरेचसे मालक मुळात आसपासच्या खेड्यांतले शेतकरी. आधी दुसऱ्याच्या कारखान्यात मजुरी केलेले, मग भावाभावांच्या, मेव्हण्यांच्या भागीत चार यंत्रे टाकलेले. मोठी मागणी आली की ती गावभर वाटली जाते. मागणी थांबली की प्रत्येकाला थोडेथोडे लागते, पण एकाच माणसाची मान मोडत नाही.

पण लक्षात घ्या, नुसती कामाची विभागणी पुरत नाही. १९९० साली तेथल्या निर्यातदारांनी आपला संघ स्थापन केला. या संघाने भाषणे कमी केली आणि सोयी जास्त केल्या असे म्हणावे लागते. माल भरण्यासाठी गावातच कंटेनरचे आगार, कारखान्यांसाठी वसाहत, भवानी नदीचे पाणी नळाने आणण्याची योजना, अशा गोष्टींमागे हा संघ उभा होता. शिवाय एक लहानशी पण महत्त्वाची सोय त्या गावाने आपोआप करून ठेवली आहे. तेथे खादरपेठ नावाचा बाजार आहे. परदेशी गिऱ्हाइकाने नाकारलेला, शिल्लक राहिलेला, शिवणीत चुकलेला माल तेथे विकला जातो आणि देशभर जातो. म्हणजे परत आलेल्या पेटीला तिरुपूरने जागच्या जागी पेठ निर्माण केली. पूर्ण पैसे येत नाहीत; पण सूतवाल्याचे देणे भागते, आणि माणूस पुढच्या हंगामाला जिवंत राहतो.

आणखी एक छत्री तिरुपूरवर होती. कापडाच्या जागतिक व्यापारात १९७४ पासून देशादेशांना कोटा ठरवून दिलेला असे. अमेरिकेने व युरोपने आपल्या गिरण्या वाचविण्यासाठी ती भिंत बांधली. पण गंमत अशी की, त्या भिंतीच्या आपल्या बाजूलाही सावली पडत होती. भारताच्या वाट्याचा कोटा चीनला घेता येत नव्हता. १ जानेवारी २००५ रोजी ती भिंत पडली. त्याच वर्षी होजियरीचे देशातले आरक्षणही गेले. आता तिरुपूर संपले, असे अनेकांनी लिहून टाकले. ते संपले नाही. पुढची दोन वर्षे निर्यात वाढतच होती. सवयीने सावध असलेली आणि एकमेकांना बांधलेली ही माणसे त्या धक्क्यातून बाहेर आली.

येथे मी थांबलो असतो तर आपण टाळ्या वाजविल्या असत्या. पण हिशेब पुरा सांगितला पाहिजे. रंगाईचे पाणी नोय्यल नदीत जात होते. नदीवर ओरतुपाळयम येथे शेतीसाठी धरण बांधून १९९२ साली पुरे झाले, आणि त्यात शेतीचे पाणी साठण्याऐवजी रंगाऱ्यांचे खारे पाणी साठले. धरण कोणासाठी बांधले, तर शेतकऱ्यांसाठी. आणि पुढे शेतकरीच म्हणू लागले की, कृपा करून यातले पाणी सोडू नका. ते न्यायालयात गेले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, एक थेंबही सांडपाणी बाहेर न सोडण्याची व्यवस्था होईतो, सातशेंहून अधिक रंगाई कारखाने बंद ठेवण्याचा हुकूम दिला. गावाचा सगळा धंदा त्या एका कडीला अडकून पडला. मी प्रारंभी विचारले, परत आलेली पेटी कोण उचलतो? तिरुपूरचे उत्तर अर्धे सुंदर आणि अर्धे लाजिरवाणे आहे. मालकांनी मालकांचा भार वाटून घेतला, आणि त्यातला एक भाग शांतपणे नदीत आणि नदीकाठच्या शेतात ओतला. संघटना चांगली असते ती तिच्या सभासदांसाठी. जो सभासद नाही, त्याला न्यायालयाचीच पायरी चढावी लागते. शिवणयंत्रावर बसलेल्या, दूरदूरच्या जिल्ह्यांतून आणि उत्तरेकडच्या राज्यांतून आलेल्या मुलामुलींचा प्रश्न तर वेगळ्या व्याख्यानाचा आहे. मागणी ओसरली की पहिला खाडा त्यांचाच होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरची जकात वाढवून ५० टक्के केली, तेव्हा हाच अनुभव पुन्हा आला.

आता आपल्या घरी येऊ. गेल्या वर्षी, म्हणजे जून २०२५ मध्ये, इटलीतल्या प्राडा या बड्या कंपनीने मिलान येथे कोल्हापुरी वहाणेसारखी वहाण मांडली. आपल्याकडे गहजब झाला, आणि मग त्या कंपनीने ही कल्पना भारतीय कारागिरांची असल्याचे मान्य केले. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन २०१९ सालीच मिळालेले आहे. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. नाव आपले आहे हे कागदावर सिद्ध आहे. पण नाव असणे वेगळे आणि पेटी पाठविण्याचे बळ असणे वेगळे. एका मापाच्या, एका रंगाच्या दोन हजार जोड्या ठरल्या तारखेला द्या, असे उद्या कोणी म्हटले, तर आठवड्याला मोजके जोड करणाऱ्या कारागिराने कातडे कोणाच्या पैशाने घ्यावे? आणि दोनशे जोड नाकारले गेले तर? अभिमान आपण सर्वांनी वाटून घेतला. हा प्रश्न वाटून घेण्यास फारसे कोणी पुढे आले नाही.

याच्या उलट, ज्या धंद्यात आपल्या माणसांनी हा प्रश्न अंगावर घेतला, तो द्राक्षांचा. तुम्ही म्हणाल, द्राक्ष म्हणजे शेती, तिला धंदा कसे म्हणता? दोन-चार एकरांच्या बागेचा मालक वर्षाला एकरी लाखो रुपये घालतो, मांडवाच्या तारा आणि औषधे उधारीने आणतो, मजुरांच्या टोळ्या लावतो, आणि डोळे लावतो रॉटरडॅमच्या बंदराकडे. याला लहान कारखानदार नाही म्हणावयाचे तर कोणाला?

नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे या पट्ट्यात द्राक्षबागायतदारांचा राज्यव्यापी संघ १९६० पासून काम करीत आहे. तासगावची ‘तास-ए-गणेश’, सोलापूरकडची ‘सोनाका’ या जाती सरकारी प्रयोगशाळेतून आलेल्या नाहीत. बागेत फिरणाऱ्या शेतकऱ्यांच्या नजरेने त्या हेरल्या. कसब कमी नव्हते ते असे. वर्षातून दोन छाटण्या, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. मग घड विरळणे, मणी फुगविण्यासाठी घड द्रावणात बुडविणे. पाहुण्याला आपण द्राक्षे देतो तेव्हा त्या एका घडाला कितीदा माणसाचा हात लागला आहे, याची त्याला कल्पना नसते.

१९९१ सालीच, आर्थिक बदलांच्या वर्षी, महाराष्ट्रातल्या द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी सोसायट्यांनी एकत्र येऊन ‘महाग्रेप्स’ ही भागीदारी उभी केली. पाठीशी राज्याचे कृषी पणन मंडळ होते. पहिल्या वर्षांत जे व्हावयाचे ते झाले. माल गेला आणि नाकारला गेला. द्राक्षांचा आणि टी-शर्टचा मोठा फरक येथे आहे. नाकारलेला टी-शर्ट खादरपेठेत जातो; नाकारलेले द्राक्ष कोठेच जात नाही. ते तिकडेच कुजते, आणि ते पुरण्याचा खर्चही पाठविणाऱ्याच्या नावे पडतो.

मग या मंडळींनी शिकावयास सुरुवात केली. द्राक्ष तोडल्यावर काही तासांत त्याच्यातली उष्णता काढून घेतली नाही, तर पुढे कितीही गारव्यात ठेवले तरी देठ वाळतो. आणि युरोपातला गिऱ्हाईक आधी देठ पाहतो, मग मणी. म्हणून सोसायट्यांनी आपापल्या गावी पूर्वशीतगृहे बांधली. पेटीत गंधकाचा वायू हळूहळू सोडणारा कागद घालावा लागतो, नाहीतर वाटेत बुरशी धरते. शून्य अंशाच्या जवळपास तीन-चार आठवडे बोटीने प्रवास, आणि उतरल्यावर मणी असा दिसला पाहिजे की जणू सकाळी तोडला. या गोष्टी एकट्या बागायतदाराच्या आवाक्याबाहेरच्या होत्या. वीस-पंचवीस एकरांनाही शीतगृह परवडत नाही. दोनशे एकरांना परवडते. दक्षिण आफ्रिकेचा माल संपत येतो, त्या सुमाराला युरोपात आपली द्राक्षे पोचतात. ही फट थोड्या आठवड्यांची. त्यात आपण घुसलो, आणि तेथे टिकलो. २०२३-२४ साली देशातून तीन लाख टनांहून अधिक द्राक्षे परदेशी गेली, आणि त्यांतला फार मोठा वाटा आपल्या नाशिक जिल्ह्याचा.

एवढे झाल्यावर २०१० साल उजाडले. त्या हंगामात युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट नावाच्या रसायनाचा अंश सापडला. बागायतदार त्याला ‘सीसीसी’ म्हणतात; वेलीची फाजील वाढ रोखण्यासाठी ते वापरीत. चोरून नव्हे, राजरोस. युरोपातली मर्यादा होती किलोला मिलिग्रॅमचा विसावा भाग. किती झाले हे? पंधरा टन द्राक्षांनी भरलेल्या एका कंटेनरात सगळे मिळून पाऊण ग्रॅम. चिमूटभर मीठसुद्धा नव्हे. पण नियम तो नियम, आणि तो त्यांच्या पोरांबाळांच्या खाण्याविषयीचा असल्याने मी त्याला नावे ठेवणार नाही. नावे ठेवावयाची ती दुसऱ्या गोष्टीला. निर्यातीपूर्वी आपल्याकडे द्राक्षांची तपासणी होत असे. २००६ पासून तर ‘ग्रेपनेट’ नावाची व्यवस्था होती. बागेची नोंद, नमुना, प्रयोगशाळेचा दाखला, सर्व काही. मात्र ज्या रसायनांची तपासणी करावयाची त्या यादीत हे रसायन नव्हते. शेतकऱ्याच्या हातात ‘माल निर्दोष’ असा दाखला होता, आणि माल बंदरात अडकून पडला होता.

चूक कोणाची, हा वाद तेव्हा बराच रंगला. युरोपने आगाऊ सांगावयास हवे होते. आपल्या खात्याने त्यांचे नियम वाचावयास हवे होते. औषध विकणाऱ्याने सांगावयास हवे होते. वाद काहीही असो, कर्जाचा हप्ता कोणाच्या दारी आला ते आपणांस ठाऊक आहे. पुढच्या हंगामापासून ते रसायन यादीत आले. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा या कामी मुख्य ठरली, तपासणी कडक झाली आणि निर्यात पुन्हा वर आली. नाशिकजवळ मोहाडी येथे श्री. विलास शिंदे व त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली ‘सह्याद्री’ ही शेतकऱ्यांची कंपनी त्याच धडपडीच्या काळातली. पण २०१० साली जे बुडाले, त्यांतल्या कित्येकांना परत पाय रोवता आले नाहीत. सुधारणा झाली ती पुढच्यांसाठी. किंमत मोजली ती मागच्यांनी.

येथे कोणी विचारील, विमा नाही काय? आहे. निर्यातीची जोखीम उचलण्यासाठी सरकारने १९५७ सालीच मुंबईत महामंडळ काढले. आज ते ‘ईसीजीसी’ या नावाने ओळखले जाते. परदेशी व्यापाऱ्याचे दिवाळे निघाले, त्याच्या देशात युद्ध पेटले, तिकडच्या सरकारने पैसे बाहेर सोडण्यास बंदी केली, तर ते भरपाई देते. फार उपयोगी संस्था आहे. परंतु तिच्या नेहमीच्या विमापत्रातली बारीक अक्षरे वाचा. मालाच्या प्रतीविषयी व्यापाऱ्याने वाद काढला, तर त्याच्याच देशातल्या न्यायालयात तुम्ही निकाल मिळविल्यावाचून भरपाई नाही. मालाच्या अंगभूत गुणधर्मामुळे झालेली हानीही नाही. म्हणजे राजे पडले, युद्धे झाली, तर लहान माणूस सुरक्षित आहे. पण देठ वाळला म्हणून पेटी नाकारली, तर निफाडच्या बागायतदाराने रॉटरडॅमला वकील द्यावा! आणि लहान माणसाच्या बाबतीत राजे पडण्यापेक्षा देठ वाळण्याचा प्रसंग अधिक वेळा येतो. २०२४ च्या हंगामात तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बोटी आफ्रिकेला वळसा घालून गेल्या आणि प्रवास कित्येक दिवसांनी लांबला. देठाला त्याचे राजकीय कारण कळत नाही.

इटलीत याच्यावर एक तोड निघाली आहे, ती सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तो देश शेतीकडून कारखानदारीकडे वळत होता, तेव्हा उत्तरेकडच्या एमिलिया-रोमान्या प्रांतात लहान लहान कारागिरांची गावेच्या गावे उभी राहिली. कार्पी हे त्यांतले एक, विणलेल्या कपड्यांचे. बँका या कारागिरांना दारात उभे करीत नसत. तेव्हा त्यांनी आपापसांत हमीचे निधी काढले. प्रत्येकाने थोडी वर्गणी घालावयाची, आणि एखाद्याला कर्ज हवे असेल तर निधीने बँकेला हमी द्यावयाची. हमी कोणाला द्यावी हे ठरविणारे पंच म्हणजे त्याच धंद्यातली, त्याच गल्लीतली माणसे. कोण कामसू आणि कोण जुगारी, हे बँकेच्या व्यवस्थापकाला माहीत नसते, पण शेजारच्या कारागिराला बरोबर माहीत असते. या निधींनी कोणाला श्रीमंत केले नाही. एखाद्या वाईट हंगामाने चांगला कारागीर धंद्यातून उठू नये, एवढेच काम त्यांनी केले.

आपल्याकडे सहकाराची परंपरा मोठी. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर बोलताना, इंग्रजांच्या पुस्तकांतले सिद्धान्त जसेच्या तसे येथे लागू करू नका, असे बजावले होते. तेव्हा इटलीचा निधीही मी जसाच्या तसा आणा म्हणत नाही. पण हिशेब करून पाहू. तीन लाख टन म्हणजे तीस कोटी किलो. परदेशी जाणाऱ्या द्राक्षामागे किलोला एक रुपया बाजूला काढला, तर एका हंगामात तीस कोटी रुपये जमतात. निर्यातीच्या द्राक्षाला मिळणाऱ्या भावात हा रुपया कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही. यातून प्रामाणिकपणे माल पाठवूनही ज्याची पेटी नाकारली गेली, त्याचे निदान पीककर्ज आणि मजुरी भागवावी.

निधी कोणाच्या हाती द्यावयाचा? माझे मत विचाराल तर बागायतदारांच्या संघाच्या. सरकारच्या नव्हे, आणि बँकेच्याही नव्हे. सरकारी निधीतून भरपाई मिळेपर्यंत वेल म्हातारी होते. संघात गटबाजी आहे, निवडणुकीचे राजकारण आहे, हे मी जाणतो. पण कोणाच्या बागेत खरोखर काय फवारले गेले, हे शोधून काढणे संघाच्या माणसांना जितके सोपे आहे तितके कोणालाच नाही. आणि तिरुपूरचा धडा लक्षात ठेवून, या पंचांत बागेत राबणाऱ्या टोळ्यांची दोन माणसे आणि गावच्या पाण्याची काळजी वाहणारी दोन माणसे पहिल्या दिवसापासून बसवावीत.

याला एक आक्षेप हमखास येतो, आणि तो चांगल्या बागायतदारांकडूनच येतो. माझा माल कधी परत आला नाही. मग दुसऱ्याच्या हलगर्जीपणासाठी मी रुपया का द्यावा? आक्षेप रास्त आहे. पण २०१० साली ज्यांच्या पेट्या अडकल्या, ते काही गबाळे शेतकरी नव्हते. निर्यातीपर्यंत पोचलेले, म्हणजे त्या त्या गावातले निवडक, नोंदी ठेवणारे, तपासणीचा दाखला खिशात असलेले बागायतदार होते. पेट्या अडकण्यापूर्वी त्यांना कोणी हा रुपया मागितला असता, तर त्यांनीही हाच आक्षेप घेतला असता.